हौसातानूतली कोण

"कासारणी, हायस का गं घरात?"

घरात कुठली असणार? घराला दार उरलं नव्हतं. ओट्यावर बसून मी बादलीत बांगड्या धूत होते. पूर ओसरला होता आणि गाव आपापल्या चिखलात परत आलं होतं. बांगड्यांचं एक बरं, काच भिजत नाही. गेलेल्या बाजूला टाकायच्या, धड राहिलेल्या सुतळीत ओवायच्या. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. त्या पुरात आमच्या इतक्या बांगड्या वाढल्या की आम्ही रस्त्यावर आलो.

मान वर केली तर पायरीखाली एक म्हातारी उभी. डोक्यावरून घट्ट पदर, हातात काठी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"कोण? हौसातानू का?"

"हौसा," ती म्हणाली. "तानू गेली की."

मला ते ठाऊक होतं. गावात परतल्या परतल्या कानावर आलं होतं, हौसातानूतली एक तालुक्याच्या दवाखान्यात तापानं गेली. कुठली, ते सांगणाऱ्यालाही धड माहीत नव्हतं. दोघी पाठच्या बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. तोंडावळा एक, उंची एक, कपाळ दोघींचंही मोकळं. ओढ्यापलीकडच्या मळ्यात राहायच्या आणि गावात कधी जोडीनं यायच्या नाहीत, कारण एकीला म्हशीपाशी थांबावं लागायचं. त्यामुळं आलेली कोण याच्या खोलात कुणी जात नसे. "हौसातानू आली" म्हणायचं, काय हवं ते द्यायचं. दोघीही त्या हाकेला ओ द्यायच्या.

"वर या, आक्का. घसरतंय, हात द्या," म्हणून मी हात पुढं केला.

तिनं हात दिला.

तो हात लाकडासारखा होता. चढताना आधार घेणारा माणूस आपलं वजन तुमच्या हातावर टाकतो. हा हात माझ्या मुठीत असूनही माझ्याकडं आला नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं आणि त्याच्या खाली तांदळाएवढा एक पांढरा वण. तो वण मी केला होता.

मी नवी सून होते तेव्हा. सासूबाईंनी मला बांगड्या भरायला शिकवायचं म्हणून पंचमीला पहिल्यांदा गादीवर बसवलं. पहिली आली हौसा. तिचा हात म्हणजे लोणी. सव्वादोनचं माप, तळवा दाबला की हाडं आपोआप एकमेकांत शिरायची. मला वाटलं, एवढंच असतं होय हे काम? दुपारी आली तानू. अडीचची बांगडीही अंगठ्यापाशी अडून बसली. मी म्हणते, "तानूआक्का, हात सैल सोडा," आणि ती म्हणते, "सोडलाय की." कुठला सोडलाय! एक गेली, दुसरी गेली, तिसरीनं तिचं रक्त काढलं. सासूबाई आतून ओरडल्या. कशाबशा चार चार चढवल्या. आमच्यात चुडा भरून झाला की कासारणीनं आपल्या पदरची एक वरची बांगडी घालायची रीत आहे. मी इतकी चिडले होते की ती घातलीच नाही. तानू हाताकडं बघत म्हणाली, "वरची ऱ्हायली गं." मी म्हटलं, "तुमच्या हातापायी माझ्याच तीन गेल्या, आता वरची कसली?" ती हसली. "असू दे. ऱ्हायली म्हणून ध्यानात ठेव."

पुढं प्रत्येक पंचमीला, प्रत्येक संक्रांतीला हेच. पुढं दोघींचे नवरे गेले आणि ते दोन्ही हात माझ्या गादीवर यायचे बंद झाले. पण हात विसरता येत नाही. तोंड विसरते मी, नावं तर हमखास विसरते.

आणि आता तानूच्या त्या हाताची बाई सांगत होती, मी हौसा आहे.

"उद्या शाळंत शिबिर हाय," ती ओट्यावर टेकत म्हणाली. टेकली, लगेच उठली, पुन्हा टेकली. "कागूद समदं पाण्यात गेलं. पगार चालू ठेवायचा तर वळख पटवाय पायजे म्हणं. दोन पंच लागत्यात. पोलीस पाटील एक हाईत. दुसरी बाई असंल तर बरं, म्हणाले तलाठी भाऊसाहेब."

पगार म्हणजे निराधारांचं सरकारी मानधन. आमच्याकडं त्याला सगळे पगारच म्हणतात, मिळवणाऱ्या म्हाताऱ्या तर ठसक्यात म्हणतात. दोघींत तो एकटीलाच होता, हौसाला. तानूचा कुठं कागदच नव्हता. रेशनकार्डाचं शिबिर लागो, आधारचं लागो, मतदानाची यादी होवो, त्या दिवशी एकीला म्हशीपाशी थांबावं लागायचं. थांबायची ती तानू.

"येशील का?" तिनं विचारलं. "तू समद्या बायकांचं हात धरतीस. तुझ्या सहीला न्हाई कोन म्हनंल?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिनं बादलीत बघितलं.

"येते की," मी म्हटलं. "येते, हौसाआक्का."

ती गेल्यावर मी लाल बांगड्या वेगळ्या केल्या, हिरव्या वेगळ्या केल्या आणि परत एकाच घमेल्यात ओतल्या. आमचे हे भिंतीचा चिखल खरवडत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"मग?" हे म्हणाले.

"मग काय? ती हौसा नाहीच."

"बाई म्हातारी हाय का? हाय. विधवा हाय? हाय. कोण बघणारं न्हाई? न्हाई. सरकारला आणि काय पायजे? नाव तेवढं इकडचं तिकडं झालंय."

"खोटी ओळख दिली तर पंचावर केस होते म्हणतात."

"तुझी तरी वळख कुठं धड हाय? सकाळी पाटलीणबाईनं सही केली तवा तू रत्नप्रभा झालीस."

ते खरंच होतं. माझं कार्ड, पासबुक, रेशनकार्ड, सगळं कपाटासकट वाहून गेलं होतं. मी मीच आहे हे दोन माणसांनी लिहून दिलं होतं आणि त्यातल्या एकानं माझ्या वडलांचं नाव मलाच विचारलं होतं. आमचा पुराच्या मदतीचा अर्जही भाऊसाहेबांच्याच टेबलावर पडून होता.

"सही कर आणि मोकळी हो," हे म्हणाले. "न्हाई केलीस तर ती खाईल काय? तानू म्हणून तिला कुत्रं इचारणार न्हाई."

सही करायची, असं मी ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटायला हवं होतं. मी उठून विहिरीवर गेले, घागर न भरताच परत आले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ही रांग. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर आणि तिच्या खाली फळ्यावरचे पाढे अर्धे पुसलेले. वर्गातली बाकं बाहेर काढून वाळत घातली होती. तलाठी मुजावर भाऊसाहेब टेबलामागं बसले होते, शेजारी अंगठ्याच्या मशीनवर स्नेहल नावाची मुलगी. मशीन कुणाचाच अंगठा घेत नव्हतं. सगळ्या गावाचे अंगठे चिखल उपसून उपसून गुळगुळीत झाले होते.

"पुसा अंगठा. परत ठेवा. परत," स्नेहल म्हणत होती. "आजोबा, दाबू नका हो, ती बेल नाही."

म्हातारी रांगेत माझ्यापुढं होती. उभी राहत नव्हती. दोन पावलं पुढं जायची, दोन मागं यायची, काठी या हातातून त्या हातात. तिच्याभोवती बायका गोळा झाल्या. पूर आल्यापासून गाव पांगलेलं, कुणी कुठल्या गोदामात, कुणी पाहुण्यांकडं. दुखवट्याला जायला घरं नव्हती, म्हणून दुखवटा रांगेतच चालला होता.

"वाईट झालं बघा हौसाबाई, तानूबाईंचं," पाटलीणबाई म्हणाल्या.

"व्हय," म्हातारी म्हणाली.

"तुमच्या आधी गेली. धाकटी असून."

"व्हय."

"पण एका अर्थी सुटली," लोहाराची सून म्हणाली. "ना मूल, ना बाळ. ना एक कागद नावावर. तुमच्याच जिवावर होती की."

"तेच म्हणते मी," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय झालं असतं तर तिचं कसं झालं असतं? देवानं बरोबर बघितलं."

देवाचा हिशेब सगळ्यांना पटला. मेलेल्या माणसाबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं असतं, म्हणून सगळ्याजणी आठवत होत्या आणि कुणाला काही आठवत नव्हतं. हौसातानूतली तानू कशी होती? कुणी वेगळी बघितली होती?

शेवटी लोहारीण म्हणाली, "मी एकदा जेवले होते मळ्यात. तानूची भाकरी लई जाड."

"जाड न्हवती!" म्हातारी एकदम म्हणाली. "पातळ असायची तानूची. पापुद्रा सुटायचा. जाड हौसाची."

बायका तिच्याकडं बघायला लागल्या.

"म्हंजी, माजी," ती म्हणाली.

मला जोरात खोकला आला. आला म्हणजे आणला. पाटलीणबाई माझी पाठ चोळायला लागल्या आणि रांग पुढं सरकली.

ती मात्र सरकली नाही. वाळत घातलेल्या एका बाकावर बोट फिरवत उभी राहिली. हळू आवाजात मला म्हणाली, "एवढंच म्हनत्यात व्हय गं तिच्यासाठी? जाड भाकरी?"

"चला आक्का, नंबर आला."

"म्हशीला तीच सांबाळायची. म्हस दुसऱ्या कुनाला जवळ येऊ द्यायची न्हाई. पानी चढाय लागलं तवा दावं तिनंच कापलं. म्हस कशी पवत गेली, मागं बघत बघत. कुनी इचारलं न्हाई."

"चला की आक्का."

टेबलापाशी पोलीस पाटील दिनकरराव खुर्चीत आडवेतिडवे बसले होते. सकाळपासून सह्या करून करून त्यांचा हात गेला होता आणि येणाऱ्याचं तोंड बघायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. मुजावर भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.

"नाव?"

"हौसाबाई."

"पूर्ण नाव सांगा आजी."

तिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव घेताना अडखळली. सगळ्याच म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव घेताना अडखळतात, तेवढं सरकारलाही माहीत आहे. मी मात्र खाली बघितलं, कारण तिनं नवऱ्याचं नव्हे, दिराचं नाव घेतलं होतं.

"अंगठा ठेवा आजी," स्नेहल म्हणाली.

तिनं ठेवला. मशीन लाल झालं.

"परत."

परत लाल. दुसरं बोट, परत लाल. सकाळपासून सगळे मशीनला शिव्या घालत होते. ही एकच वेळ अशी होती की मशीन खरं बोलत होतं आणि नेमका तेव्हाच त्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

"ह्यांचा हातच कडक आहे," स्नेहल कुरकुरली. "आजी, सोडा ना हात. काकी, तुम्ही जरा धरता का?"

मी पुढं झाले. काय होणार मला माहीत होतं. मशीन लाल होईल, भाऊसाहेब पंचांच्या सहीवर नेतील, मी सही करीन, घरी जाऊन बांगड्या धुवीन. मी तिचा पंजा माझ्या डाव्या तळव्यावर घेतला आणि उजव्या हातानं अंगठ्याच्या मुळाशी, त्या वर आलेल्या हाडावर, दाबलं. बस, एवढंच. पण माझी बोटं त्या हाडावर पडली की तोंडाला एकच वाक्य माहीत होतं. किती वर्षं, किती पंचम्या, तेच वाक्य.

"तानूआक्का, हात सैल सोडा," मी म्हटलं.

व्हरांड्यातला सगळा कलकलाट चालूच होता. टेबलापाशी मात्र कुणी पंखा बंद केल्यासारखं झालं.

आणि तो हात सैल पडला.

खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या हातानं कधी माझं ऐकलं नव्हतं. पंचमीच्या चुड्याला नाही, डोहाळजेवणाच्याही नाही. ते डोहाळे पुढं वायाच गेले. आज तो माझ्या तळव्यावर असा आला, जसं झोपलेलं पोर खांद्यावर येतं.

"तानूआक्का कोण?" मुजावर भाऊसाहेबांनी विचारलं.

पोलीस पाटील खुर्चीत सरळ झाले आणि हसून म्हणाले, "ते काय न्हाई भाऊसाहेब, ह्यांची बहीण. मेली परवा. दोघी सारख्या. गावात समद्यांची चूक होती. मीबी तानूच म्हणतो कवा कवा."

"चुकून आलं का नाव, बाई?" भाऊसाहेबांनी मला विचारलं. बरा माणूस होता. त्यांनी दार उघडून धरलं होतं, मला फक्त बाहेर पडायचं होतं. मान हलवली असती की झालं.

मी म्हातारीकडं बघितलं. ती मशीनकडं बघत होती.

"ती चुकली न्हाई," म्हातारी म्हणाली. "मीच तानू. हौसा मेली."

"भाऊसाहेब, म्हातारीला भ्रम झालाय," पोलीस पाटील घाईघाईनं म्हणाले. "बहीण गेल्यापास्नं अशीच बोलती. लिवा तुम्ही हौसा."

"भ्रम न्हाई, दिनकर," ती म्हणाली. "दवाखान्यात तिनंच सांगितलं मला. म्हनली, माजं नाव तू घे, मला आता काय करायचंय. पगार तरी चालू ऱ्हाईल. तिथल्या बाईनं इचारलं, मेलं त्येचं नाव काय. मी माजं सांगितलं. घेतलं बगा तिचं नाव." तिनं पदरानं नाक पुसलं. "पर भाऊसाहेब, तिचं नाव घेतल्यापास्नं मला तिच्यासाठी रडता येईना. कसं रडू? हौसा असून हौसासाठी? येतंय ते मानूस माज्याच मयताचं बोलतंय. तेबी धड बोलत न्हाईत."

मागं उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, मग थांबल्या.

मुजावर भाऊसाहेबांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला.

"बाई, तुम्ही पंच आहात," ते मला म्हणाले. "मी ऐकलेलं नाही असं मला अजूनही करता येतं. तुम्ही एकदा सांगा, ही कोण? तुम्ही सांगाल ते लिहितो."

ते असं म्हणाले तेव्हा माझ्या मनात आलं, गावात सही करणाऱ्या बायका काय कमी होत्या? पाटलीणबाई कुणालाही सही देत होत्या. ही म्हातारी चिखल तुडवत माझ्याच ओट्यावर का आली? अख्ख्या गावात तिला पक्की ओळखणारी मी एकटी होते आणि हे तिला ठाऊक होतं. ती आली होती ते मी ओळखू नये म्हणून की ओळखावं म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नसेल. हात मात्र अजून माझ्या तळव्यावर सैल पडला होता.

"ह्या तानूबाई," मी म्हटलं. "हौसाबाईंच्या धाकट्या बहीण. मी ह्यांचा हात ओळखते."

"मग ऐका," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "हौसाबाई मयत, त्यांचा पगार बंद. आणि तानूबाई तर दवाखान्याच्या दाखल्यावर मयत आहेत. ह्यांच्या नावाचा आजवर एकही कागद नाही आणि पहिला झाला तो मेल्याचा. आता मेलेल्या बाईला मी काय देऊ, सांगा."

"आधी पाणी द्या," मी म्हटलं.

स्नेहलनं आपली बाटली पुढं केली. तानूआक्कानं ती घेतली, तोंडाला लावली आणि तिथंच, उभ्या उभ्या, त्या मशीनसमोर तिनं पहिला हंबरडा फोडला. "हौसे," म्हणाली. "हौसे गं, भाकरी जाड करायचीस तू." रांगेतल्या बायका पुढं आल्या. यावेळी काय बोलावं हे कुणाला आठवावं लागलं नाही. नुसत्या तिच्याभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या आणि पोलीस पाटलांनी कधी नव्हे ती आपली खुर्ची दिली.

पण ते त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्यावर घसरलं. म्हातारीचं सुरळीत चाललेलं, कासारणीनं तोंड घातलं. हातात सोन्यासारखा पगार होता तो घालवला. लोहाराची सून तर म्हणाली, आता हिच्याकडून बांगड्याच भरायच्या नाहीत. मी म्हटलं, भरू नकोस, माझ्याकडं आहेत कुठं?

आमचे हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मळ्यावर गेले आणि तानूआक्काला सामानासकट घेऊन आले. सामान म्हणजे काठी आणि म्हशीच्या दाव्याचा कापलेला तुकडा. "मळ्यात कुडाचं घर उभं ऱ्हाईस्तोवर हितं ऱ्हाईल," माझ्याकडं न बघता म्हणाले. "भाकरी पातळ करती म्हणं. बघू तरी."

खरंच पातळ करायची.

मग सुरू झाली आमची वणवण. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो तर तिथला माणूस म्हणाला, मयत स्वतः दुरुस्तीला आलेली पहिल्यांदा बघतोय. तहसीलला गेलो तर म्हणाले, माहेरचा पुरावा आणा. माहेर सीमेपलीकडं, तिथले लोक कानडी बोलत होते आणि तानूआक्कालाही ओळखत नव्हते. शेवटी एक बहिरी आत्या निघाली. तिनं तोंड बघून विचारलं, "हौसा का तानू?" आम्ही दोघी एसटीत बसल्यावर त्यावर इतक्या हसलो की कंडक्टरनं वळून बघितलं. तानूआक्का कुठल्याच बाकड्यावर टिकत नसे. आत साहेब, बाहेर ती येरझाऱ्या घालत. मी म्हणायचे, बसा हो जरा. ती म्हणायची, "बसून बसून तर मेले हुते गं. म्हशीपाशी."

मधे मधे मलाही वाटायचं, उगाच मान हलवली नाही आपण. पावसाळा संपला, हिवाळा गेला, तिच्या हातात एक रुपया नव्हता. पोटाला आमच्यात खायची आणि घास मोजून घ्यायची. मुजावर भाऊसाहेबांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. मळ्यातल्या पडलेल्या घराच्या पंचनाम्यात 'राहणार' म्हणून तिचं नाव त्यांनीच घातलं. तिच्या नावाचा तो पहिला जिवंत कागद.

पुढची पंचमी आली तेव्हा आमच्या दुकानाला दार लागलं होतं. नवी गादी, निम्मी कपाटं रिकामी. लोहाराची सून सगळ्यांत आधी येऊन बसली, जसं काही बोललीच नव्हती. मी तिच्या हातात बांगड्या भरत होते तोवर तानूआक्का बाहेर ओट्यावर फेऱ्या मारत राहिली. गर्दी सरल्यावर आत आली. कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमधे गुंडाळलेलं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. फोटोत ती अशी बघत होती, जसं कुणीतरी तिची म्हैस सोडलीय.

"आलं व्हय!" मी म्हटलं. "आणि पगार?"

"पुढच्या म्हयन्यापास्नं म्हनत्यात. म्हनू देत." ती गादीवर टेकली आणि उजवा हात माझ्यापुढं केला. "माजी वरची एक ऱ्हायली हुती. ध्यानात हाय न्हवं?"

माझं लक्ष दाराकडं गेलं. विधवा बाई पंचमीला कासाराच्या गादीवर, बघणारे काय म्हणतील? तिनं माझी नजर ओळखली.

"बगू देत. हिरवी नगं. पुरात ऱ्हायलेली कुठलीबी घाल."

मी पुरातून वाचलेल्या बांगड्यांचं घमेलं ओढलं. त्यातली एक निळी, जराशी धूसर झालेली, अडीचच्या मापाची काढली. हात धरला, हाडावर दाबलं. हात लाकूड.

"हात सैल सोडा की."

"कुनाला म्हनतीस?"

"तानूआक्का," मी म्हटलं. "तानूआक्का, हात सैल सोडा."

बांगडी एका दमात आत गेली. गेली ती मनगटावर थांबलीच नाही, सरळ कोपरापर्यंत घसरली आणि हात खाली करताच निघून गादीवर पडली. आम्ही दोघी त्या हाताकडं बघत राहिलो. हात वाळून काडी झाला होता आणि मी अजून अडीच धरून बसले होते.

घमेल्यात तळाशी हात घालून मी दुसरी काढली. तशीच निळी, पण लहान. सव्वादोनची. तिनं ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, आरपार बघितलं.

"हौसाचं माप न्हवं हे?"

"व्हय."

तिनं बांगडी परत दिली आणि हात माझ्या तळव्यावर ठेवला.

"मग घाल," ती म्हणाली.